पॅसेजमधलं वाचन

वरळीच्या बीडीडी चाळीत मुलांचा अभ्यास कानाने तपासायची पद्धत होती. खोली एकशेसाठ चौरस फुटांची, त्यात सहा-सात माणसं. त्यामुळे संध्याकाळ झाली की मुलं दप्तर घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बसायची. आत आई भाकऱ्या थापत असायची, तिचं लक्ष तव्याकडे आणि कान दाराकडे. मूल मोठ्याने वाचतंय म्हणजे अभ्यास चालू आहे. आवाज थांबला की आतून हाक यायची, "काय गं, झोपलीस काय?" मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा. एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक दारापाशी एक-दोन मुलं, पहिलीपासून दहावीपर्यंतची, सगळी एकाच वेळी आपापल्या पुस्तकातलं ओरडून वाचतायत. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटलं, नळावरून काहीतरी भांडण लागलंय.

मी जवळच्याच महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. अठ्ठावीस वर्षं झाली. राहायला लालबागला, वडील गिरणीत होते. त्यामुळे चाळीतली मुलं कशी शिकतात हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, असा माझा समज होता. माझे असे बरेच समज होते. ते पुढे येतीलच.

ज्या मुलीबद्दल मी सांगतेय ती पहिलीपासून माझ्याच वर्गात होती. आमच्याकडे बाई वर्ग घेऊन पुढे सरकतात, म्हणजे पहिलीतली मुलं पाचवीपर्यंत एकाच बाईंच्या गळ्यात. मुलगी सावळी, किडकिडीत, दोन वेण्या, आवाज मात्र खणखणीत. वडील लोअर परळच्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला, आई वरळी सी-फेसवरच्या दोन घरांत स्वयंपाकाला. दोघंही सकाळी निघायचे आणि संध्याकाळी सात-साडेसातला परत यायचे. आई आल्याआल्या गॅस पेटवायची आणि मुलीला पॅसेजमध्ये बसवायची.

वर्षातून तीनदा आम्हाला प्रत्येक मुलाचं वाचन तपासावं लागतं. मूल समोर बसवायचं, हातात वाचनकार्ड द्यायचं, आणि ते अक्षराच्या पायरीवर आहे, शब्दाच्या, परिच्छेदाच्या की गोष्टीच्या, ते मोबाईलमधल्या ॲपवर भरायचं. गोष्ट ही शेवटची पायरी. ही मुलगी दुसरीतच गोष्टीवर पोचली. पूर्णविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज वर न्यायची, गोष्टीतल्या म्हातारीचं बोलणं म्हातारीसारखं करायची. वाचनकार्डं मुळात चार आली होती. तीन फाटली. उरलेलं एक मी पदरचे पैसे घालून लॅमिनेट करून घेतलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्याच कार्डावर सगळा वर्ग, वर्षातून तीनदा, पाच वर्षं.

पाढे तिचे तिसापर्यंत पाठ. तोंडी गणित घातलं की बाकीचे बोटं मोजेपर्यंत हिचं उत्तर तयार. साहेब तपासणीला आले की मी हिलाच उभी करायचे. एकदा एक साहेब म्हणाले, खाजगी शाळेतली मुलंसुद्धा असं वाचत नाहीत. मी घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

माझी स्वतःची मुलगी दादरच्या खाजगी शाळेत शिकली. आमच्या शाळेतल्या एकाही शिक्षकाचं मूल आमच्या शाळेत नाही. ह्या विषयावर आम्ही स्टाफरूममध्ये बोलत नाही. माझ्या मुलीला वाचायला कोणी शिकवलं ते मला नीट आठवतही नाही. चार-पाच वर्षांची असताना ती माझ्या मांडीवर बसून पेपरातली मोठी अक्षरं लावायची, मी पुढची अक्षरं हळूच झाकायचे, आणि एक दिवस तिला वाचता यायला लागलं. मी दुपारी घरी असायचे, एवढंच.

पाचवी सुरू व्हायच्या सुमाराला चाळीच्या पुनर्विकासातला पहिला टॉवर तयार झाला आणि ह्या कुटुंबाला तेविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आई शाळेत पेढे घेऊन आली. हॉल, दोन बेडरूम, संडास घरात. पोरीसाठी स्टडी टेबल घेतलंय म्हणाली, हप्त्यावर. मी म्हटलं, आता बघा, ही कुठल्या कुठे जाईल. मी हे मनापासून म्हटलं होतं.

ती गेली खालीच. सहामाहीत मराठी आणि गणित दोन्हींत तिचे गुण निम्म्यावर आले. मी आईला बोलावून घेतलं आणि ठरलेलं भाषण दिलं: नवीन घर, मोठा टीव्ही, मोबाईल. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरी जाऊन मोबाईल कपाटात ठेवला. पुढच्या चाचणीत गुण आणखी खाली आले. मी म्हटलं, मुलगी वयात येतेय. काहीच सुचेनासं झालं की आम्ही बाया हे म्हणतो.

पाचवीचा नियम आता बदलला आहे. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं होतं. आता पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर पुन्हा पाचवी. शिवाय प्रश्नपत्रिका मुलांनी स्वतः वाचायची, बाईंनी वाचून दाखवायची नाही. चौथीपर्यंत मी प्रत्येक पेपर आधी मोठ्याने वाचून दाखवत होते. सगळेच दाखवतात. लांब उत्तरं मी फळ्यावरसुद्धा लिहून देत असे, मार्गदर्शन म्हणून. मुलगी ती फळ्यावरून इतक्या सुबक अक्षरात उतरवायची की तिची वही मी इतर वर्गांना दाखवायला न्यायचे.

वार्षिक परीक्षेत सव्वीसपैकी तीन मुलं नापास झाली. त्यातली एक ही. मराठीतही आणि गणितातही.

आई निकालाच्या दिवशी रडली नाही. तिने शांतपणे सांगितलं की जूनमध्ये पास झाली तर ठीक, नाहीतर पोरीला गावाला भावाकडे ठेवणार, कणकवलीच्या बाजूला. कारण नुसतं नापास होणं नव्हतं. चाळीत दारं उघडी असायची, शेजारणी असायच्या, पोरगी दिवसभर कोणाच्या तरी नजरेत असायची. टॉवरमध्ये दार लावून एकटी बसते. "शिकत असती तर ठेवली असती, बाई. शिकतच नाय तर एवढ्या वर कशाला एकटी ठेवू?" मुलगी बाजूलाच उभी होती. तिने आईच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं, दहा वर्षांची मुलगी.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. खाली वॉचमनने वहीत माझं नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहायला लावलं. मी लिहिलं, अभ्यास. लिफ्टमधून बाहेर आले तर मजल्यावर सहा दारं, सहाही बंद, आणि इतकी शांतता की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला. आईने घर फिरून दाखवलं. स्टडी टेबल भिंतीला लावलेलं, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, खराब होऊ नये म्हणून. इथे कसलाच आवाज नाही, पोरीला डिस्टर्ब होत नाही, असं तिने कौतुकाने सांगितलं आणि ती चहा करायला आत गेली.

मी घरून एक उतारा लिहून नेला होता. आठ ओळी, माझ्याच मनातल्या, कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबलांवर. मुलीने कागद हातात घेतला, नीट धरला आणि त्याच्याकडे बघत बसली. मी थांबले. ती थांबली. मग तिने अगदी साधेपणाने, पेन मागावं तसं मला म्हटलं, "बाई, एकदा तुम्ही वाचा ना. मग मी वाचते."

मी वाचलं. मध्ये एका शब्दावर अडखळले, कारण अक्षर माझंच होतं आणि चष्मा घरी राहिला होता. मी वाचून झाल्यावर तिने कागदाकडे बघत आठही ओळी घडाघडा म्हटल्या. मी जिथे अडखळले होते तिथे तीही अडखळली. आतून आईचा आवाज आला, "वाचते ना बाई छान?"

मी हो म्हटलं. चहा आला तो प्यायले.

मग मी मुलीला हळू आवाजात विचारलं, पुस्तकातले धडे तुला कसे येत होते? तिला ह्या प्रश्नाचं नवल वाटलं. पॅसेजमध्ये ताई-दादा वाचायचे, ती त्यांच्या मागून म्हणायची. रोज ऐकलं की येतं. पाचवीची एक कविता तिला दुसरीत असतानाच येत होती, कारण शेजारची ताई ती महिनाभर घोकत होती. सातवीतला दादा ओळ गाळायचा तेव्हा हीच त्याला सांगायची. आईला आत आवाज ऐकू गेला पाहिजे, म्हणून डोळ्यांसमोर पुस्तक आणि तोंडाने कानावर पडलेलं, हे तिचं वाचन होतं. इतर मुलंही असंच करतात असं तिला वाटायचं. तिने कोणालाही फसवलं नव्हतं. "इथे कोणीच मोठ्याने वाचत नाय," ती म्हणाली.

त्या दिवशी लिफ्टने खाली येताना मला एवढी लाज वाटली की वॉचमनच्या वहीत जाण्याची वेळ मी चुकीची लिहिली. पाच वर्षं ही मुलगी रोज माझ्या समोर होती. वाचन कुठल्या पायरीवर आहे ते ठरवण्याचा मला पगार मिळतो. मी तिला पंधरा वेळा त्याच एका कार्डावर तपासलं, आणि पंधराही वेळा मी इतर मुलांचं वाचन तिच्यासमोरच घेतलं होतं.

उन्हाळ्यात नापास मुलांना ज्यादा मार्गदर्शन द्यायचा आदेश असतो. मला तो आदेश नसता तरी मी गेले असते, असं म्हणायला मला आवडेल. मेच्या पहिल्या आठवड्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आम्ही चौघं बसायचो: ही, दुसरी दोन मुलं आणि मी. मी अठ्ठावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं, म्हणजे गप्प बसायचं. मुलं पानाकडे बघतायत, पंखा फिरतोय, आणि मी ओठ मिटून बसलेय. हे फार जड गेलं. मला वाटत होतं की शिकवणं म्हणजे बोलणं.

अक्षरं तिला येत होती, एकेक सुटी विचारली तर. शेजारी शेजारी आली की ती बावचळायची आणि अंदाज करायची. अंदाज इतके हुशारीचे की मीच फसायचे. चित्रात होडी दिसली की ती "समुद्रात होडी चालली" असं म्हणायची, आणि पानावर काही भलतंच असायचं. मग मी चित्रं झाकली. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. पुस्तक मिटून म्हणाली, आधी तुम्ही चांगल्या होतात.

गणिताचंही तेच. एका टोपलीत बारा पापलेट, अशा नऊ टोपल्या, असं मी तोंडी विचारलं तर श्वास घेण्याआधी उत्तर. तेच कागदावर लिहून दिलं की कोरा चेहरा. गणित तिला येत होतं, गणितापर्यंत पोचता येत नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी ती बोट ठेवून, ओठ हलवून, एक ओळ मिनिटभरात वाचायला लागली. जोडाक्षर आलं की थांबायची. पण थांबायची, अंदाज करायची नाही. ती ओळ वाचून झाली की ती काय वाचलं ते मला सांगायची आणि बरोबर सांगायची. मला एवढा आनंद झाला की मी पटकन वही तपासायला घेतली.

जूनच्या परीक्षेला ठरलेला वेळ होता, आणि त्या वेळात मिनिटाला एक ओळ पुरणार नव्हती. हे मला कळत होतं, मुख्याध्यापकांनाही कळत होतं. सर वाईट माणूस नाहीत. आमच्या शाळेचा पट दरवर्षी घसरतोय, एक मूल गावाला गेलं तर एका शिक्षकाची जागा डळमळते, हे त्यांना झोपेतसुद्धा दिसतं. परीक्षेच्या सकाळी त्यांनी पेपरचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "एकदा वाचून दाखवा, बाई. कोण बघतंय? पोर वाचेल."

वर्गात तिघं मुलं आणि मी. पेपर वाटले. मुलगी आधी पेपरकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागली. ती मागत नव्हती, नुसती बघत होती. मी एकदा, फक्त एकदा, सगळे प्रश्न वाचले असते तर तिने ते पानभर लक्षात ठेवले असते आणि एकेक उत्तर मांडलं असतं. ती पास झाली असती. आईने तिला मुंबईत ठेवलं असतं. सहावीतही कोणीतरी बाई असत्या आणि त्यांनीही वाचून दाखवलं असतं, सातवीतही. माझ्या घशात पहिल्या प्रश्नाचे शब्द अगदी तयार होते. मी खुर्ची उचलून मागच्या भिंतीपाशी नेली आणि तिथे बसले, म्हणजे मला तिची फक्त पाठ दिसेल.

थोड्या वेळाने ती पाठ वाकली. बोट कागदावर गेलं असावं. दुपारी दुसऱ्या पेपरचीही घंटा झाली तेव्हा तिचे निम्म्याहून कमी प्रश्न झाले होते. गणितात थोडे जास्त, मराठीत उतारा पूर्ण आणि त्यावरचे चार प्रश्न. पेपर मीच तपासले. जेवढं लिहिलं होतं तेवढं सगळं बरोबर होतं, शुद्धलेखन सोडून. मी बेरीज तीनदा केली. गणितात पास, मराठीत नापास. इतर दोघांपैकी एक पास झाला. मी इतकी वर्षं एकही अक्षर न वाचणाऱ्या मुलांना वर ढकललं आणि जिने पहिल्यांदा स्वतः वाचून पेपर लिहिला तिला नापास केलं. त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

आईला मी शाळेत बोलावून सगळं सांगितलं. पॅसेज, वाचनकार्ड, बोंबलांचा उतारा, मी चहा पिताना खोटं हो म्हटलं ते, परीक्षेत मी काय केलं नाही ते. ती ओढणी सारखी करत ऐकत होती. मुलगी बाहेर व्हरांड्यात होती.

"तुम्ही वाचून दाखवलं असतं तर?" आईने विचारलं.

"पास झाली असती."

"आणि सहावीत?"

"तिथल्या बाईंनी वाचून दाखवलं असतं."

मग तिला राग आला, आणि तो मला हवाच होता. पाच वर्षं पोरगी तुमच्याकडेच होती ना, तिने विचारलं, मग सहाव्या वर्षी तुम्ही काय वेगळं करणार? मी तिला सांगितलं की ह्या वर्षी पहिलीऐवजी मी पुन्हा पाचवीच मागून घेतली आहे, मी वाचून दाखवणार नाही, आणि आई कामावरून येईपर्यंत मुलगी शाळेत माझ्याजवळ बसेल. ह्यापेक्षा मोठं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. वाचायला येईल का नक्की, असं तिने विचारलं. पालकांना हो म्हणायची मला सवय आहे. ह्या वेळी मला भीती वाटली आणि मी प्रयत्न करते म्हटलं. आई उठली, दारातून मुलीला हाक मारली आणि मला म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते. गावची गाडी काय रोजच असते.

शाळा सुरू झाली. बरोबरीच्या मुली सहावीला वरच्या मजल्यावर गेल्या, ही नव्या पाचवीत, आपल्यापेक्षा लहान मुलांत, पहिल्या बाकावर. आठवडाभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हजेरीला "हजर" तेवढं म्हणायची, तेही फळ्याकडे बघून. तिचा राग बरोबर होता, त्यामुळे मी तिला समजावायला गेले नाही.

आठव्या की नवव्या दिवशी मी पहिला धडा उघडायला सांगितला आणि गप्प बसले. वर्गाने पुस्तकं उघडली आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. अठ्ठावीस नवी मुलं, सगळी चांगली, सगळी हुशार, चौथीपर्यंत दुसऱ्या बाईंकडे गोष्टीच्या पायरीवर असलेली. सगळी मी सुरू करायची वाट बघत होती. हिच्या बाकावरच्या छोट्या मुलीने शेवटी विचारलंच, बाई, तुम्ही आधी वाचून दाखवणार ना?

मी काही बोलायच्या आत ही तिच्याकडे वळली. आवाज तोच खणखणीत, पण तक्रारीचा, ह्या बाईंना शिकवता येत नाही हे नव्या मुलीला आधीच सांगून ठेवावं असा. "ह्या बाई वाचून दाखवत नाहीत," ती म्हणाली. "आपल्यालाच वाचावं लागतं. बोट ठेव."

आणि तिने त्या मुलीचं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं.